मोहाखालच्या सभेत एक माणूस कमी

गोंदिया स्टेशनावर माझी मराठी कुणी मनावरच घेईना. चहावाला हिंदीत, हमाल हिंदीत. साताऱ्याहून एवढी हाडं खिळखिळी करून आल्यावर आपण अजून महाराष्ट्रातच आहोत, हे मला स्वतःलाच सांगावं लागलं. पुढे दुर्गकडे जाणारी पॅसेंजर सालेकशाला मालगाडीसाठी तासभर अडली आणि माझा पारा चढला. दरेकशाला उतरले तेव्हा दोन्ही अंगांना डोंगर, जंगल, आणि फलाटावर माझी भाची शालिनी.

तिथून सहा-सात किलोमीटरवरच्या गोंडांच्या गावात ती शिक्षिका होती. दुपारी तिने भात आणि लाखोरीचं (तिकडची एक डाळ) वरण वाढलं. मी आधी नाक मुरडलं आणि मग तीनदा मागून घेतलं.

ही २०१३च्या मार्चमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा होती. आम्ही गेलो तर तिथे दोनच माणसं: नवे ग्रामसेवक आणि वनहक्क समितीची सचिव फुलनबाई उईके. ग्रामसेवकांनी मोहाच्या हंगामात सकाळची वेळ ठेवली होती! पहाटेपासून फुलं गळतात. गुरांच्या तोंडी जायच्या आत ती वेचायला सगळं गाव रानात.

जंगलावर गावाचा हक्क सांगणारा ठराव याआधी दोनदा कोरमवाचून बारगळला होता. गावातली निम्मी प्रौढ माणसं हजर हवीत, एकही कमी चालत नाही. जंगलावर गावाचा दावा दाखल नाही म्हणून कुंपणासाठी आणलेला बांबूसुद्धा चोरीचा ठरायचा. फुलनबाई त्यापायी एक अख्खा दिवस वनखात्याच्या नाक्यावर बसून आली होती. आज तिसऱ्यांदा फसलं तर लोक सभेचं नावच टाकतील, याची तिला धास्ती होती.

ग्रामसेवक म्हणाले, पुढची तारीख घेऊ. फुलनबाईने सतरंजी काखेत मारली.

"सभा गावाची आहे जी, वऱ्हांड्याची नाई. रजिस्टर घ्या, चला."

आम्ही मोहांच्या झाडांकडे निघालो. वाटेत माझी चप्पल तुटली, मी अनवाणी. लोक टोपल्या घेऊन आले, बसले, सह्या-अंगठे झाले. शालिनीने दोनदा मोजलं. एक माणूस कमी.

नाल्यापलीकडे एक म्हातारा शेळ्या चारत होता, सुकलूबाबा मडावी. त्याला कुणी हाक मारेना. ठरावात बांबू वाढावा म्हणून डोंगराचा उतार तीन वर्षं चराईला बंद ठेवायचं कलम होतं, आणि बाबा गावभर त्याविरुद्ध बोलत फिरला होता. तो नुसता तिथेच उभा राहिला असता तरी त्याचं काम फत्ते होतं. 

शेवटी त्यानेच ओरडून विचारलं, किती कमी? फुलनबाईने खरं ते सांगितलं. बाबाने शेळ्या सोबतच्या लहान नातवाच्या हवाली केल्या, नाला ओलांडला, अंगठा दिला आणि सतरंजीवर बसला. हात वर करायची वेळ आली तेव्हा विरोधात त्याचा एकट्याचा हात होता. तो विरोध त्याने नावानिशी लिहायला लावला आणि शालिनीकडून वाचून घेतला. ठराव मंजूर झाला.

परतताना मी त्याच्या बरोबरीने चालले. म्हटलं, बाबा, तुम्ही आला नसता तर सभाच मोडली असती, मग आलात कशाला?

"सभा मोडली असती त माहा विरोध कोनी लिवला असता, बाई? आता तीन सालानं बांबू नाई वाढला, त त्याच कागदावर बोट ठेवून इचारीन."

दोन दिवसांनी दरेकशाच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसले आणि घरची सभा आठवली. साताऱ्यात आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या मालतीताईंच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा होता, आणि माझी गाडी लावायची जागा जाणार होती. तीनदा सभा लागली. तीनदा मी डोकं दुखतंय म्हणून घरी बसले, वर आणखी चौघींना बसवलं. सभा होत नव्हती, उतार होत नव्हता, आणि त्याला मी आजवर स्वतःची हुशारी म्हणत आले होते. मला लाज वाटली. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता सेक्रेटरींना फोन केला.

"सभा लावा," म्हटलं. "मी विरोधात आहे, पण येते."