फळीवरची बरणी

स्वयंपाकघरातल्या फळीवर एक चिनी मातीची बरणी आहे, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. येता-जाता तिच्याकडे नजर जाते, कारण ती माझी नाही.

आंब्याच्या हंगामात सई आणि तिचा नवरा अनय आमच्या मागच्या खोलीत राहिले. बागेत आंब्याच्या पेट्या भरायच्या, पैसे हाताशी आले की भटकायचं, संपले की पुढचा हंगाम गाठायचा. नाशिकला द्राक्षं, हिमाचलात सफरचंदं. पुण्यातलं बिऱ्हाड त्यांनी कधीच मोडलंय. सगळा संसार दोन सॅकमध्ये मावतो. मला आधी हेवा वाटला, मग काळजी, मग पुन्हा हेवाच.

निघायच्या आदल्या दिवशी सईने रायवळ कैऱ्या आणि ही बरणी आणून लोणचं घातलं.

“अगं, नेणार कसं हे?” मी विचारलं.

“न्यायचं नाहीये, काकू. मुरायला एका जागी राहायला हवं ना त्याला.”

अनय हसला. ती हसली नाही.

माणसाला सगळं सोडता येत असेलही, पण कुठेतरी आपलं काही मुरत पडलंय, एवढं तरी लागत असावं. मी जन्मभर याच घरात. मला हे कळायची कधी वेळच आली नाही.

काल सफरचंदाच्या बागेतून तिचा फोन आला. “काकू, वास सुटला का हो?”

फोनमधून वास जात नाही, हे मलाही कळतं. तरी मी फडकं सोडलं आणि फोन बरणीच्या तोंडाशी धरला. परत कानाला लावला, तेव्हा ती म्हणत होती, “आला, काकू. आला.”