बेंबीवरचा राणीछाप

पैशाला बोट न लावता पैशावर जीव लावणारा माणूस साऱ्या वसईत एकच आहे, आणि तो आमच्या घरात आहे. ते माझे थोरले दीर.

गिरीजला आमची वाडी आहे. कडेला केळी आणि नारळ, मधे पानवेली. भाऊजींनी लग्न केलं नाही, त्यांचं आयुष्य त्या पानवेलींत गेलं. पानं खुडून आणली की ते ओटीवर बसून एकेक पान उजेडासमोर धरायचे. ठिपका दिसला की 'डागी' म्हणून पान बाजूला. पुढे हीच नजर त्यांनी जुन्या नाण्यांना लावली आणि तिथून घराची पंचाईत सुरू झाली. इतर लोक जुनी नाणी जमवतात ती जुनी म्हणून. भाऊजींना नाणं शंभर वर्षांचं हवं, पण कालच टांकसाळीतून निघाल्यासारखं हवं. राणीछाप रुपया असेल तर राणीच्या केसांची बट न् बट दिसली पाहिजे, गालावर झीज नको, नाकाचा शेंडा शाबूत हवा. म्हातारपण चालेल, सुरकुती चालणार नाही.

असं नाणं दोन बोटांत कडेला धरायचं. त्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, घामाचा डाग पडतो. त्याच्यासमोर बोलायचंही नाही, थुंकी उडते. त्यामुळे त्यांनी पेटी उघडली की घर मुकं व्हायचं. मला बोलायची सवय मुळातच कमी, म्हणून नाणी बघायला ते मलाच बोलवायचे. "तुझ्यासारखं माणूस नाण्यांना मानवतं," असं म्हणायचे. आणि नाणं धुवायचं तर कधीच नाही. काळानं चढवलेला रंग उतरवला की नाणं मेलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीच्या आधी आम्ही बायका चिंच लावून देवाची भांडी घासायला बसलो, की भाऊजी पेटी छातीशी धरून वाडीतल्या विहिरीवर जाऊन बसत. शेवटचा तांब्या पालथा पडेपर्यंत परत येत नसत.

माणसांकडेही ते नाणं बघितल्यासारखंच बघत. आमच्या म्हाताऱ्या भटजींबद्दल म्हणायचे, "झिजलेत, पण अक्षरं स्पष्ट आहेत." एकदा शेजारच्या वाडीत लग्नाला गेलो होतो. तिथल्या आजींच्या गळ्यात रुपयांची माळ होती. झालं! पंगत वाढलेली, आणि भाऊजी त्या आजींपुढे वाकून उभे.

"काय रे, काय बघतोस एवढं?" आजींनी विचारलं.

"आजी, राणीचं नाक."

"मग? आहे का?"

"नाक आहे हो, पण कडी लावायला डोक्यावर डाग दिलाय. हाय हाय!"

"अरे मेल्या," आजी म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं जन्मात एवढं निरखून बघितलं नाही मला!"

सगळा मांडव हसला. भाऊजी मात्र त्या दुःखात धड जेवले नाहीत.

झिजलेली नाणी त्यांना घरात सहन होत नसत. मूठभर झिजकी द्यायची आणि एक कोरं आणायचं, असा त्यांचा व्यवहार. त्यात एकदा सासूबाईंचा देव्हाऱ्यातला चांदीचा रुपयाही गेला. सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण त्या बदल्यात जो राणीछाप आला, तो पेटीचा राजाच. मुंबईचे एक गृहस्थ, असाच नाद असलेले, पाऊस उघडला की तो बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर मुंबईच्या प्रदर्शनात मांडला जाणार होता. भाऊजींनी त्यासाठी नवा सदरासुद्धा शिवून ठेवला होता.

त्याच श्रावणात माझी मुलगी झाली. रडकी. रडून रडून तिची बेंबी बोरासारखी वर आली. आमच्याकडे अशा वेळी बेंबीवर तेल लावून चांदीचा रुपया ठेवतात आणि वरून पट्टा बांधतात. बाजारातला नवा रुपया म्हणजे नुसता पत्रा, तो बाळाला बाधतो, असं सासूबाईंचं मत.

"दे रे एखादा झिजका," त्या भाऊजींना म्हणाल्या.

"झिजका नाही, आई."

"नाणीवाल्याच्या घरात रुपया नाही?"

"आहे. झिजका नाही."

"देवातला होता माझा. तो कुणी नेला?"

आत पोर टाहो फोडत होती. मी दाराआड उभी होते. 'राहू दे' म्हणावं असं फार वाटलं, पण त्यांच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना.

थोड्या वेळानं भाऊजी पेटी घेऊन आले. हात साबणानं धुतले, कोरडे केले आणि तो रुपया कडेला धरून बाहेर काढला.

"मधे मलमलीचा तुकडा ठेवला तर?"

"अंगाला लागायला हवा."

"मग तेल जरा कमी?"

"तुझ्या राणीला न्हाऊ घालतेय असं समज."

"बरं. पण राणीचं तोंड वर ठेव."

सासूबाईंनी तसं ठेवलं. भाऊजी उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे फिरले. त्यांनी रुपया उचलला, उलटा केला आणि मागच्या वेलबुट्टीवरून चक्क बोट फिरवलं. मग राणीच्या गालावरून फिरवलं.

"ही नक्षी टोचेल तिला," ते म्हणाले. "गाल मऊ आहे. तोंड आत घाल."

पाऊस उघडला आणि मुंबईचे गृहस्थ आले. त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच पडला. रुपयावर तेलाचा काळपट गोल, कडेला हळद, राणीच्या केसांत पावडर.

"अहो, हा वापरला कुणी?"

"पुतणीनं," भाऊजी म्हणाले. अंगात नवा सदरा होता.

"फार चांगला होता हो," गृहस्थ म्हणाले, एखादं माणूस गेल्यावर म्हणतात तसं, आणि चहा घेऊन निघून गेले.

माझे यजमान चिंच घेऊन आले. "दादा, घासून देऊ?"

"धुवायचं नाही! काळानं चढवलेला रंग आहे."

"काळानं कसला, कारटीनं!"

"तेच ते," भाऊजी म्हणाले आणि पेटी बंद केली.

पुढे दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, बेंबी आपोआपच बसते, रुपयाची काही गरज नसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, "राणीनं थोडा हातभार लावला असेल."

आता मुलगी शाळेत जाते. भाऊजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला ते घाबरतात. पानं मी निवडते. पेटीतली नाणी तशीच लखलखीत पडून आहेत. बघायला डोळे नाहीत, आणि हात लावायचा नाही हा नियम त्यांचाच. दुपारी ओटीवर बसले की मुलीला हाक मारतात, "आपला डागी आण गं." ती मुठीत घट्ट धरून धावत आणते. ते रागावत नाहीत. रुपया तळहातावर घेतात आणि अंगठा सावकाश राणीच्या गालावरून फिरवत राहतात.

"नाक आहे ना, काका?"

"आहे. तुझी बेंबी?"

"आहे."

मी दाराआडून बघत असते. त्या रुपयासमोर आता बोललं तरी चालतं. पण माझ्याच्यानं बोलवत नाही.