चुकांचं कूळ शोधणारे कॅप्टन

चुका करणारी माणसं जगात पोत्यांनी मिळतील, पण दुसऱ्याची चूक समोर बसवून तिला कूळ-गोत्र विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बुसैतीनच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे कॅप्टन. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर काढली आणि केस पिकल्यावर बहारीनमध्ये जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या एका ऑफिसात बसले. कुठे जहाज रुतलं, कुठे धक्क्यावर आदळलं, की त्यात माणसाचं काय चुकलं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या मते माणसाच्या चुकीच्या चारच जाती: हात चुकतो, विसर पडतो, समज चुकते, किंवा ठाऊक असूनही केलं जातं. हे काम त्यांनी ऑफिसात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ते घरी आणत आणि तिथून आमच्या सगळ्यांच्या घरी.

एकदा कॅप्टनच्या घरी वहिनींनी पोह्यांत मिठाऐवजी साखर घातली. आम्ही पाहुणे मुकाट्याने गिळत होतो. कॅप्टन उठून स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही डबे घेऊन बाहेर आले. "बघा, एकाच मापाचे, एकाच झाकणाचे. ही हिची चूक नाहीच. डबे ज्यानं आणले त्याची." डबे त्यांनीच आणले होते. वहिनी म्हणाल्या, "मग उद्यापासून पोहे डब्यांनाच करायला सांगा."

तुबलीच्या गॅरेजात मी गाडी मागे घेताना खांबाला ठोकली, तेव्हाही ते शेजारी होते. मेकॅनिक हळहळत होता, "बंपर खलास, साब!" आणि कॅप्टन मला विचारत होते, "काल झोप झाली होती का? ऑफिसातून कोणाचा फोन आला होता?" मग मेकॅनिककडे वळून, "ये खंभा इधर किसने खडा किया?" लोक त्यांना हसत. मीही हसायचो. आपल्याला कुणी इतक्या चिकाटीने निर्दोष ठरवतंय, हे हसण्याच्या भरात आमच्या ध्यानातच आलं नाही.

मग ते जहाज आदळलं. छोटं मालवाहू जहाज पहाटे नांगर टाकून उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर जाऊन धडकलं. पहाऱ्यावरचा तरुण अधिकारी त्या धडकेत गेला. रत्नागिरीकडचा मुलगा; त्याचा थोरला भाऊ इथेच, अरादला राहून एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायचा. मुलाला डुलकी लागली होती, हे खरंच होतं. पण कॅप्टन तिथे थांबणारे नव्हते. ते खणत गेले. पहाऱ्यावर सोबत दुसरा माणूस असायला हवा. खर्च वाचवायला मालकांनी तो काढून टाकला होता. दोघांची पाळी हा एकटा ओढत होता, आणि थकलोय असं त्याने वर कळवलंही होतं. कॅप्टननी हे सगळं लिहिलं. जात चौथी, ठाऊक असूनही केलेली. आणि करणारे मालक.

चौकशीचे पैसे मालकच देत होते. कॅप्टनचा मॅनेजर आपल्याच मुंबईचा, बोलायला साखर. तो म्हणाला, "कॅप्टन, एवढं कोण वाचतंय? ह्यूमन एरर, दोन शब्द पुरे आहेत."

"ह्यूमन म्हणजे कोण?" कॅप्टननी विचारलं. "मालकांना धरायचं की नाही त्यात?"

नाही धरलं. अहवाल दुसऱ्याने नव्याने लिहिला, दोष मेलेल्याच्या नावावर लागला, कारण मेलेला माणूस अपील करत नाही. कॅप्टनचा व्हिसा पुढे वाढवला गेला नाही. आमच्या मराठी मंडळातले त्यांच्या हाताखाली चुकांचे धडे घेतलेले सगळे इंजिनियर, बँकर एकदम कामात बुडाले. पोह्यांना कुणी येईना.

जाण्याआधी ते मला घेऊन अरादला गेले. भावाने चहा ठेवला. कॅप्टन उभ्यानेच म्हणाले, "तुमच्या भावाची चूक नव्हती. मी तपासलंय."

त्याने कप त्यांच्यापुढे सरकवला. "पण कागदावर तर त्याचंच नाव आहे ना, साहेब?"

"हो," कॅप्टन म्हणाले. एवढंच. मग खाली बसून त्यांनी चहा संपवला.

ते नाशिकला गेले, समुद्रापासून लांब. काही महिन्यांनी भावाचा मला फोन आला. "साहेबांचा नंबर देता? आमच्या अम्मीला त्यांच्याशी बोलायचंय." मी दिला.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी ती म्हातारी रत्नागिरीहून नाशिकला फोन करते. परवा मी कॅप्टनना विचारलं, इतकं बोलता तरी काय? म्हणाले, "काही नाही हो. आधी विचारते, जेवलास का बाबा. मग म्हणते, ते परत एकदा सांग. मी सांगतो, तुझ्या मुलाची चूक नव्हती." पुढे म्हणाले, "गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला नाही, म्हणून मीच लावला. आताशा कमी ऐकू येतं तिला. मग जरा मोठ्याने सांगितलं."