शिंगाला बेगड, गाडीला बिल्ला

गाडीच्या मागे जे जे म्हणून लिहिता येतं, ते सगळं आमच्या साडभाऊंच्या एकाच गाडीवर लिहून झालेलं होतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी धाराशिवला नोकरी करणारा माणूस, आणि ते कळंबजवळच्या खेड्यात सोयाबीन पिकवणारे. गाडी म्हणाल तर साधी, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, चढ लागला की आत बसलेल्यांनीच दम धरावा अशी. पण तिच्या डिकीवर डावीकडं ‘टर्बो’, उजवीकडं ‘व्ही सिक्स’, मधोमध ‘स्पोर्ट’, दोन्ही दारांवर ‘फोर बाय फोर’ आणि पुढच्या जाळीवर पंख पसरलेला एक सोनेरी गरुड. तो कुठल्या कंपनीचा होता हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. एवढ्या चकचकाटात गाडीचं खरं नाव कुठल्या कुठं दडपून गेलं होतं. जिनं ती गाडी बनवली त्या कंपनीचा माणूस समोर आणून उभा केला असता, तर त्यानंही हात जोडून ‘ही आमची नव्हे’ म्हटलं असतं.

आणि मी पडलो नेमका उलट्या डोक्याचा. गाडी कारखान्यातून आली तशीच राहावी, तिच्यावर चिंधी लावू नये की टिकली लावू नये, हे माझं व्रत. माझ्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक मी काढलं नाही, ते आपणहून फाटलं. त्यामुळं आम्ही दोघं भेटलो की वाद ठरलेला. वादाची जागाही ठरलेली, कळंबच्या रेडियमवाल्याचं दुकान. गाड्यांवर नावं, बिल्ले, देव आणि ‘आई-वडिलांची पुण्याई’ चिकटवून देणारा हा माणूस साडभाऊंना गिऱ्हाईक मानत नसे, गुरुबंधू मानत असे. नवा बिल्ला आला की तो आधी साडभाऊंना फोन करायचा. मग आम्ही त्याच्या बाकड्यावर बसून चहाबरोबर भांडायचो.

“साडभाऊ, तीन सिलिंडरच्या गाडीवर व्ही सिक्स? अहो, जनाची नाही तर मनाची!”

“गाडीत सहा माणसं बसत्यात का न्हाय?”

“बसतात, एकमेकांच्या मांडीवर.”

“पर बसत्यात ना? मग सहा म्हंजे सहा. तुम्ही उगं इंजिन मोजालाव.”

एकदा त्यांच्या रानात जाताना काळ्या मातीत गाडी रुतली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दाराला खांदा लावून ढकलतोय, चिखल थेट चष्म्यावर येतोय, आणि माझ्या नाकासमोर दारावरचं ‘फोर बाय फोर’ चमकतंय. मी म्हटलं, “आता बोला, कुठं गेलं तुमचं फोर बाय फोर?” तर खिडकीतून डोकं काढून म्हणतात, “दुसऱ्यांच्या गाडीची दोनच चाकं फसत्यात, साडभाऊ. हिची चारी फसल्यात, बघा तर खरं!” आणि स्वतःच एवढे हसले की गाडी बंद पडली.

बॉनेटवर त्यांनी हवा आत घ्यायचं एक नाकाड बसवून घेतलं होतं. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसलं. फक्त खालचा पत्रा कापलेला नव्हता, म्हणजे हवा नाकात शिरायची आणि तिथूनच माघारी फिरायची. एका उन्हाळ्यात चिमणीनं त्यात काड्या नेल्या आणि अंडी घातली. साडभाऊंनी गाडी लिंबाखाली उभी केली आणि किल्ली अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, हातात दिली. पिल्लं उडून जाईपर्यंत हा माणूस बाजाराला एसटीनं, लग्नाला एसटीनं, सासुरवाडीलाही एसटीनं. मी हिणवायला गेलो, तर मलाच ऐकवलं, “खरं नाकाड असतं तर पिल्लं इंजिनात गेली असती. खोटं होतं म्हणून वाचली. खोट्याचाबी उपेग असतो.”

तसा उपयोग अक्कांनीही शोधलाच होता. साडभाऊंनी डिकीवर एक मोठा आडवा पंख बसवला होता, गाडी वेगात उडू नये म्हणून लावतात म्हणे. त्यावर त्या कुरडया वाळत घालायच्या. एकदा साडभाऊ घाईत तसेच निघाले आणि येरमाळ्यापर्यंत रस्त्यानं कुरडया पेरत गेले. अक्का कुरडयांवरून भडकल्या. पण खऱ्या भडकल्या त्या सायलेन्सर बदलला तेव्हा. त्या नव्या सायलेन्सरमधून असे बार निघायचे की लोक विचारायचे, तेरखेड्याहून फटाक्यांचा माल भरून आणलाय काय? म्हशीनं दूध चोरलं. अक्का म्हणाल्या, “घरात ही नळी राहील न्हाय तर मी.” साडभाऊंनी नळी काढली, पण उत्तर देण्याआधी क्षणभर विचार केला, त्याबद्दल अक्का पुढं कैक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्यात कहर झाला तो पेट्रोल पंपावर. डिझेलच्या गाड्यांवर असतो तसला एक बिल्ला साडभाऊंनी हौसेनं लावला होता. पंपावरच्या माणसानं तो वाचला आणि इमानदारीत डिझेल भरलं. गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. टाकी रिकामी करून, धुऊनपुसून आम्ही निघालो, तेव्हा मी म्हटलं, आता तरी काढा तो. ते तडक रेडियमवाल्याकडं गेले आणि त्या बिल्ल्याच्या खाली पांढऱ्या अक्षरात लिहून घेतलं, ‘फक्त पेट्रोल’. बिल्ला तिथंच.

एकदा मात्र मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, “साडभाऊ, ही लोकांची फसवणूक आहे. जे गाडीत नाही ते गाडीवर लिहायचं म्हणजे खोटेपणाच.” साडभाऊंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “पोळ्याला आमी बैलाच्या शिंगाला सोनेरी बेगड लावतो. तवा शिंग सोन्याचं होतं व्हय? का बघणारा येडा असतो? समद्यांला ठावं असतं, कागद हाय. तरीबी लावतो. का? तर वर्षभर राबलाय, त्याला एक दिस नटवावं वाटतं. आता माझ्या दारात बैल न्हाय. हीच हाय.”

ते खरं होतं. ट्रॅक्टर आला आणि त्यांच्या घरची शेवटची बैलजोडी गेली. त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला साडभाऊ गाडी धुऊन, आरशांना बेगड गुंडाळून, बॉनेटवर झूल टाकून थेट मारुतीच्या पारापाशी मिरवणुकीत घेऊन गेले होते. गावात गहजब झाला. मानाच्या बैलाचे मालक, वयानं मोठे, काठी आपटून म्हणाले, “हे काय जनावर हाय का?” साडभाऊ म्हणाले, “आबा, जुंपलं की चालतं, पाजलं की पळतं, आन् रुसलं की जाग्यावरनं हालत न्हाय. आनखी काय असतं जनावर?” आबांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि सांगितलं, “सगळ्यात मागं ऱ्हा. आन् हारन वाजवू नको, बैलं बुजतील.” तेव्हापासून दर पोळ्याला गाडी शेवटी चालते, बिनआवाजाची.

त्यांची एकुलती एक लेक प्राजू. कॉलेजसाठी ती धाराशिवला आमच्याच घरी राहिलेली, म्हणून मला लेकीसारखी. तिचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं. मुलगा गुणी, हसरा आणि नेमका गाड्यांचा शौकीन. पण शौकीन माझ्या जातीचा. शोरूमवाल्यानं काचेवर लावलेलं आपल्या दुकानाचं स्टिकरही त्यानं नखानं खरवडून काढलेलं! सुपारीच्या दिवशी जेवणं झाल्यावर तो साडभाऊंच्या गाडीभोवती हळूहळू फिरला आणि मोबाइलवर फोटो काढले. साडभाऊंना कोण आनंद! ‘स्पोर्ट’वरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून दिली.

ते फोटो मुलाच्या मित्रांच्या ग्रुपवर गेले. तिथं वादाला ऊत आला. ही गाडी आहे की पाट्यांचं दुकान? व्ही सिक्स म्हणजे सहा जणांनी ढकलायची का? मुलगाही त्यात हसला होता. ते प्राजूनं त्याच्याच फोनवर वाचलं. ती माझ्याकडं आली, डोळे लाल. “काका, त्यांची माणसं लग्नाला येणार. अप्पांना कुणी हसलं तर मला नाही सहन होणार. तुम्ही सांगा ना, लग्नापुरती गाडी साधी करा म्हणून.”

जी गोष्ट मी इतकी वर्षं फुकटात सांगत होतो, ती सांगायला गेलो आणि जीभ उचलेना. दोनदा चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मांडवाचं झालं. शेवटी साडभाऊच म्हणाले, “कायतरी पोटात घेऊन आलाव. बोला की.” मी कसंबसं सांगितलं. ते गाडीकडं बघत म्हणाले, “एवढंच व्हय? लेकीपरीस गाडी मोठी हाय का?”

रेडियमवाल्याला बोलावणं धाडलं, तर त्यानं निरोप दिला, “लावायला कवाबी बोलवा. काढायला आपण येणार न्हाय.” मग आम्हीच बसलो. पंख आणि नाकाड आधी पान्यानं खोलून ठेवलं. मी गरम पाणी ओतायचं आणि साडभाऊंनी बिल्ल्याच्या मागून दोरा घालून सावकाश ओढायचा, पिल्लाच्या अंगातला काटा काढावा तसा. एकेक बिल्ला पुसून ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवत होते. खरं म्हणजे मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण साधी झालेली ती गाडी उन्हात उभी राहिली आणि मी उगाचच डब्यातले बिल्ले मोजत बसलो. शिवाय बिल्ले गेले तरी अक्षरं गेलीच नव्हती. गाडीचा सगळीकडचा लाल रंग उन्हानं विटलेला आणि बिल्ल्याखालचा तेवढा कोरा राहिलेला. ‘टर्बो’ आता लाल रंगात, आणखीच स्पष्ट वाचता येत होतं. साडभाऊ म्हणाले, “आता ह्ये काय दोऱ्यानं निघायचं न्हाय.”

लग्नाच्या दिवशी प्राजू त्याच गाडीतून मंगल कार्यालयात आली. उतरताना तिनं डिकीकडं पाहिलं, त्या कोऱ्या अक्षरांवरून मेंदीचं बोट फिरवलं आणि आत गेली. लग्न थाटात लागलं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साडभाऊ सगळ्यांना वाढत होते, आग्रह करत होते, पण गाड्यांच्या रांगेकडं एकदाही फिरकले नाहीत.

पाठवणीची वेळ आली. नवरदेवाची गाडी समोर उभी, अस्सल टर्बो, फुलांनी झाकलेली. अक्का रडत होत्या, माझी बायको रडत होती, साडभाऊ मात्र कोरडे, नुसतेच हात चोळत उभे. प्राजू त्यांच्या पाया पडली आणि एकदम म्हणाली, “अप्पा, ते बिल्ले टाकून दिले का हो?”

“टाकतंय कोण? डब्यात हैत.”

“मला एक द्या.”

बायका म्हणाल्या, अगं, हे काय आता? पण साडभाऊ धावत गेले आणि आपल्या गाडीतून डबा घेऊन आले. तिनं ‘टर्बो’ उचलला, तशीच शालूचा घोळ सावरत नवऱ्याच्या गाडीमागं गेली आणि दोन्ही हातांनी तो डिकीवर दाबून धरला. डिंक कधीच वाळलेला, बिल्ला घसरून खाली पडला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा पडला. आता ती हमसून रडत होती. मी जावयाकडं बघितलं. ज्याला शोरूमचं स्टिकर चालत नव्हतं, तो पोरगा मांडववाल्याकडं गेला, दोन्हीकडून चिकटणारी टेप घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि आपल्या हातानं तो बिल्ला त्यानं चिकटवला. मग मान खाली घालून म्हणाला, “अप्पा, त्या दिवशी मी पण हसलो होतो. चुकलं माझं.”

साडभाऊ पुढं झाले. डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं. “जावईबापू, वाकडा लागलाय. उजवीकडून इवलासा वर पायजेल,” एवढं म्हणाले, आणि बांध फुटला. पोरीला पोटाशी धरून ते असे रडले की वाजंत्रीवालेही थांबले. बिल्ला तसाच वाकडा पुण्याला गेला.

साडभाऊंनी आपल्या गाडीवर नंतर काही लावलं नाही. विचारलं की म्हणतात, “नटायचं वय सरलं तिचं.” रेडियमवाल्याच्या बाकड्यावर आम्ही अजून बसतो, पण वादाला पहिल्यासारखी चव नाही. मीच कधी कधी त्यांची बाजू घेऊन बोलतो, तरी ते नुसते हसतात.

यंदाच्या पोळ्याला आम्ही गेलो होतो. बैलांना आदल्या दिवशी आवतन द्यायची रीत आहे. साडभाऊंनी पुण्याला फोन लावून लेकीला सांगितलं, “गाडीला सांग, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” पण जावयाला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाल्यावर प्राजूचा व्हिडिओ कॉल आला. तिनं पार्किंगमध्ये जाऊन फोन गाडीमागं धरला होता. वाकड्या ‘टर्बो’वर हळदकुंकू लावलेलं. साडभाऊंनी ताटातली पुरणपोळी उचलली आणि बैलाला भरवतात तशी फोनपुढं धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग फोन बंद झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, “ती लांब हाय. घ्या, तुम्हीच खावा.” मी खाल्ली.

निघताना बघतो, तर माझ्या गाडीच्या दोन्ही आरशांना सोनेरी बेगड गुंडाळलेलं. माझ्या, कारखान्यातून आली तशीच ठेवलेल्या गाडीला! साडभाऊ ओसरीवरून बघत होते, मी ओरडतो की काय म्हणून. मी गाडी सुरू केली. तसाच धाराशिवला आलो. ऑफिसात लोक विचारतात, हे काय हो? पोळा होऊन किती दिवस झाले? मी म्हणतो, काढायचंय. पण अजून काढलेलं नाही.