घाटातलं मिसिंग

मी स्वभावानं भित्रा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पण त्या हिवाळ्यात मला जी भीती वाटली, तिच्यापुढे माझी नेहमीची भीती खिजगणतीतही नव्हती.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. मी हरसूलला शाळेत मास्तर होतो. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले माझे वडील, आबा. आमचं पहिलं मूल वाहन न मिळाल्यामुळे गेलं. बायकोला कळा लागल्या तो बाजाराचा दिवस होता, जीपा माणसांनी खचाखच भरलेल्या. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात जोडत होते आणि जीपा त्यांना वळसा घालून जात होत्या. दोन तासांनी एक दुधाची गाडी मिळाली. नाशिकला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मुलगी रडलीच नाही.

बायकोला पुन्हा दिवस गेले तसा मी नाशिकहून एक जुनी पेट्रोल गाडी आणली. चालवायला शिकलो तोही त्याच महिन्यात. गुरुजींनी मोटार घेतली म्हणून गावाला केवढं कौतुक! दोघांनी पेढे मागितले, मी दिलेही. ती मोटार हौसेनं नव्हे, भीतीपोटी घेतली होती, हे त्यांना कसं सांगणार?

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडी अडखळायला, मेकॅनिकांच्या भाषेत 'मिसिंग' करायला लागली. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. नाशिकच्या वाटेवर त्र्यंबककडे जाताना घाट लागला की पहिल्याच वळणावर उचकी लागल्यासारखा एक झटका द्यायची. मग दुसरा. मग सलग. एकदा तर चढावर बंदच पडली. मी एकटाच होतो. हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावले. मागच्या सीटवर बायको असती तर, एवढा एकच विचार डोक्यात होता. तिला सातवा महिना होता.

नाशिकला द्वारका चौकाजवळ एक म्हातारे मेकॅनिक होते. त्यांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, पुढच्या खेपेला कॉइल बदलली. दर वेळी गाडी चार दिवस ठीक चालायची आणि आठवड्यानं पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं चाललं होतं. मी चिडत होतो, बायकोवर ओरडत होतो, शाळेत पोरांवर ओरडत होतो. माझ्यासारख्या घाबरट माणसाला राग फार सोयीचा पडतो.

शेवटी मेकॅनिकच वैतागले. "गुरुजी, तुम्ही गाडी बरी झाल्यावर दाखवायला आणता. आजारी असताना आणा ना! दुपारच्या उन्हात काय कळणार मला?"

मग मी एका शनिवारी नाशिकला मुक्काम केला, गाडी रात्रभर त्यांच्या दारात उभी ठेवली आणि सकाळी ती गारठलेली असतानाच त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून ते एकेका प्लगची वायर काढायचे आणि कान देऊन ऐकायचे. वायर काढली की इंजिन बसल्या आवाजात चालायचं, लावली की सावरायचं. चारही वेळा अगदी सारखंच.

"चारी सिलिंडर बराबर मारताहेत," ते म्हणाले. "आगीत खोट नाय. खोट खाण्यात हाय."

त्यांनी कार्ब्युरेटर खोलला. तळाशी साखरेसारखे पांढरे कण बसले होते. त्यांनी ते बोटानं खरवडले, चुरगाळले आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. तो वास मी लगेच ओळखला. आमच्या घोंगड्यांच्या ट्रंकेला तोच वास येतो.

"टाकीत डांबरगोळ्या टाकता का? लय शहाणे लोक टाकतात. पेट्रोलला ताकद येते म्हणे! गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, थंडीत पुन्हा खडा धरते अन् बसते जेटच्या भोकात. पेट्रोल जाईल कुठून?"

मी टाकल्या नव्हत्या. पण दर रविवारी गाडी कोण धुतं, आणि ट्रंकेची किल्ली कुणाच्या करदोट्याला असते, ते मला ठाऊक होतं.

टाकी रिकामी करून, जेट फुंकून, ताजं पेट्रोल भरून मी घरी आलो तो थेट आबांवर तुटून पडलो. त्यांनी नाकारलं नाही.

"आधी दोन टाकायचो," ते म्हणाले. "मग ती झटके द्यायला लागली म्हणून चार केल्या. गेल्या रविवारी आठ."

"आठ!"

"अरे, बॉयलरवर जन्म गेला माझा. जळण कमी पडलं की आग बसते, एवढं मला कळतं. घाटात दम कमी पडू नये तिला, म्हणून टाकल्या." मग म्हणाले, "मागच्या वेळी एक जीप थांबवता आली नाही मला."

गाडी जितकी अडखळत गेली तितका हा माणूस घाबरत गेला, आणि जितका घाबरला तितकं त्यानं तिला जास्त चारलं. ह्या बाबतीत मी त्यांचाच मुलगा होतो.

गाडी त्यानंतर नीट चालली. तीन आठवडे मी तिला रोज पहाटे घाटात नेऊन आणलं, एकही झटका नाही. तरी विश्वास बसेना. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, ताकाचं भांडंसुद्धा लांबून बघत होतो.

पौषातल्या एका सकाळी, दिवस भरायला पंधरवडा असताना, बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आबा पुढे बसले, तिला मागे आडवं केलं. कडाक्याची थंडी होती, तरी मी काच खाली केली, कारण मला इंजिन ऐकायचं होतं. हात घामानं स्टीअरिंगवरून निसटत होते. घाट लागला. पहिलं वळण. दुसरं.

"अहो," मागून ती म्हणाली. "अहो, ऐका ना..."

"गप्प बस जरा!" मी ओरडलो. "इंजिन ऐकू दे मला!"

ती गप्प बसली. पार नाशिकपर्यंत गप्प बसली. मला बरंच वाटलं, खोटं का सांगू. गाडी लोण्यासारखी चालली होती. दवाखान्याच्या फाटकात शिरताना मी जिंकल्यासारखा हसलोसुद्धा.

सिस्टरनं तिच्या पोटाला हात लावून विचारलं, "बाळ शेवटचं कधी हललं?"

"घाट लागल्यापासून नाही," बायको म्हणाली.

त्यानंतर सगळे पळायलाच लागले. डॉक्टरांनी माझी सही घेतली. आबा आणि मी बाकावर बसलो. त्यांनी घाटात सगळं ऐकलं होतं. एका माणसानं दुसऱ्याचा हात धरावा असं आमच्यात नव्हतं, पण त्या दिवशी मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, दुसरंही गेलं, आणि ह्या वेळी वाहन होतं.

बराच वेळ गेला. मग आतून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, तुटक, मग जोरात. मुलगा. नाळेचा वेढा मानेला बसला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबल्या.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी खाटेशेजारी उभा राहिलो. "तू तेच सांगत होतीस ना घाटात?" मी विचारलं. "मी गप्प बस म्हटलं, तरी पुन्हा का नाही सांगितलंस?"

तिनं डोळे न उघडताच उत्तर दिलं.

"तुमचे हात थरथरत होते. पुढे दरी होती. मी सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी चालवू शकला असतात का?"