घडवंचीचं लेबल

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि, खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा हसतो. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. मी स्वतः आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं. डोळ्यांना दिसतं तेच कागदावर उतरलं पाहिजे, हे पोरांना सांगता सांगता रिटायर झालो. आणि माझ्याच हातून कागदावर उतरलेली एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही... वय ऐंशीच्या पुढे गेलंय. आता सांगून टाकतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आपला नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होता. मी रनाळ्याचा, वय एकवीस. ड्रॉइंगची परीक्षा पास झालो होतो, पण शाळेत जागा नव्हती. नंदुरबारला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक डॉक्टर राहायचे. मोठे हौशी गृहस्थ. घरगुती जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद. सुरतेकडचा लाखकामाचा झोपाळा, पितळी पत्रे ठोकलेला चाकांचा पटारा म्हणजे मोठी पेटी, आरशाच्या शिसवी फणेरपेट्या, मोराच्या आकाराचे अडकित्ते — असं काय काय. दवाखान्यामागच्या तीन खोल्यांत या सगळ्याचा वस्तुसंग्रह मांडून तो लोकांना खुला करायचं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येक वस्तूला लेबल हवं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला ठेवलं.

काम आवडीचं होतं. जाड कार्ड घ्यायचं, वर बोरूने मोठ्या अक्षरात वस्तूचं नाव, खाली बारीक अक्षरात लाकूड कोणतं, कुठून आली, कोणी दिली. टीपकागद दाबायचा की झालं. शंभरावर कार्डं लिहिली, एक चूक नाही.

मग घडवंचीची पाळी आली.

घडवंची म्हणजे पाण्याचे माठ-हंडे ठेवायची लाकडी चौकट, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. जंगलखात्यातल्या एका साहेबाने बदली होऊन जाताना ती डॉक्टरांना भेट दिली होती. सातपुड्यातली, एवढंच कळलेलं. सागवानी. एका बाजूला पोपटांची सुरेख जोडी कोरलेली, बाकीच्या तिन्ही बाजू साफ कोऱ्या. आणि उंची कमरेइतकी! एरवी घडवंची गुडघ्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी वहीत नोंद केली — ‘देवाचा कलश ठेवण्यासाठी असावी.’

मी कार्ड घेतलं, ‘घडवंची’ लिहिलं, टीपकागद दाबला, उचलला...

कार्डावर ‘रेमती’ लिहिलेलं होतं.

अक्षर माझंच. वेलांटीचं वळण माझं, रफाराला मी देतो तसा झोक त्या मात्रेला. मला वाटलं, तंद्री लागली असेल. कार्ड फाडून दुसरं घेतलं. पुन्हा ‘रेमती’. तिसऱ्या वेळी मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिलं. घ... ड... वं... ची... बोरूखाली ‘घ’ उमटताना मी या डोळ्यांनी पाहिला हो! आणि टीपकागद उचलला तर — रेमती.

तेवढ्यात डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. चष्मा वर करून त्यांनी कार्ड वाचलं.

“रेवती लिहायचं होतं का रे नथू? कोण आहे ही? रनाळ्याची का?”

“कोणी नाही साहेब. मी घडवंची लिहितोय.”

ते हसले. पण त्यांच्यासमोर चौथं कार्ड तसंच झालं, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. माणूस सायन्सचा. त्यांनी मला साध्या कागदावर ‘घडवंची’ लिहायला लावलं — बरोबर आलं. पुढच्या वस्तूचं कार्ड लिहायला लावलं — बरोबर आलं. घडवंचीचं कार्ड हातात घेतलं की मात्र रेमती. शेवटी त्यांनी स्वतः आपल्या त्या डॉक्टरी अक्षरात एक कार्ड लिहिलं. ते ‘घडवंची’च राहिलं.

“तुझ्या डोक्याला शीण झालाय,” ते सावकाश म्हणाले. “दोन दिवस घरी जा. झोप काढ. आल्यावर बघू, पुढे काम करता येईल का ते.”

तुम्हाला कदाचित गंमत वाटेल. मला नाही वाटली. माझे एक काका ऐन तरुणपणी भ्रमिष्ट झाले होते. दिवसभर कोळशाने भिंतीवर तेच ते शब्द लिहीत बसायचे. आम्ही मुलं त्यांच्या खोलीपुढून पळत जायचो. रनाळ्याच्या वाटेवर मला एकच दिसत होतं... ती भिंत.

घरी आईला कार्ड दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, मीच वाचलं. तिने निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

“कोन शे रे ती पोर? सांग मले, मी नही रागावाव.”

“आई, कोनीच नही. मले म्हाईतच नही ती कोन शे.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. काकांना बारा वर्षं तिनेच जेवण भरवलं होतं. तिने माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बराच वेळ तळव्याला तेल चोळत राहिली. लहानपणी पडलो की चोळायची, तसं.

तिसऱ्या दिवशी परत आलो. बाजाराचा दिवस होता. संग्रह उघडायला आठवडा राहिला होता आणि डॉक्टर रोगी तपासायचं काम सोडून माझ्या मदतीला आले होते. दोघे मिळून घडवंची ओट्यावर उन्हात आणली. मी फडक्याने अळशीचं तेल लावत होतो. लेबलाचा विषय दोघांनीही काढला नाही.

रस्त्यावरून डोंगरातली माणसं बाजाराला चालली होती. त्यातला एक म्हातारा थांबला. डोक्यावर डिंकाचं गाठोडं, अंगावर विटलेली बंडी. गाठोडं त्याने तिथेच रस्त्याच्या कडेला ठेवलं, ओट्याजवळ आला आणि काही न विचारता पोपटांवरून बोट फिरवलं. डॉक्टरांना वस्तूंना हात लावलेला खपत नसे. पण त्याचं बोट फिरत होतं ते बघण्यासाठी नव्हतं... अंधारात आपल्या घराची कडी सापडावी तसं, सरळ एका जागी जाऊन थांबलं. धाकट्या पोपटाच्या पंखाखाली एक खोच होती. मला ती दोन महिन्यांत दिसली नव्हती.

“पटाशी घसरनी व्हती आठे,” तो म्हणाला. घरी तो पावरी, म्हणजे डोंगरातली बोली, बोलत असणार, आमच्याशी बाजारातली अहिराणी बोलला. “हाई मी बनाडेल शे.”

डॉक्टरांनी त्याला ओट्यावर बसवलं. नाव वेस्ता. धडगावच्याही वरच्या बाजूचं गाव.

“एवढी उंच का केली, बाबा? देवासाठी का?” डॉक्टरांनी विचारलं.

म्हाताऱ्याला हसूच आलं. “देव कसाले? मन्ही बायकोसाठे. ती झाडवरथीन पडनी, कंबर गयी. वाकता ये नही तिले. खालथीन मटकं उचलाले गयी की रडे. मंग मी उंच बनाडी.”

डॉक्टरांनी वही काढली आणि ‘देवाचा कलश’च्या नोंदीवर आडवी रेघ मारली.

“आणि नक्षी एकाच बाजूला का?” मी विचारलं.

“चारी बाजूले करनार व्हतू. तिनी करू दिधी नही. बोलनी, पोपट पानी पेतस का? बस झायं, लई ये घडवंची घरमा!” हे सांगताना त्याचा आवाज जरा बायकी झाला. तिची नक्कल करत होता. किती वर्षांची सवय असेल...

मग त्याने सांगितलं. ती गेली. नंतर त्याच्याच्याने ती रिकामी घडवंची घरात बघवेना, म्हणून अंगणात काढून ठेवली. त्याच दिवसांत जंगलच्या साहेबाचा तंबू गावात पडला. साहेबाला आवडली. माणसांनी गाडीत टाकली, बदल्यात एक घोंगडी देऊन गेले. नको म्हणायचं असतं हेही त्याला तेव्हा सुचलं नाही.

मी फडकं बाजूला ठेवलं.

“बाबा... तिचं नाव काय होतं?”

“रेमती.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे. मी माझ्या कोटाच्या खिशातून कार्ड काढलं, आईला दाखवलेलं, आणि त्याच्यासमोर धरलं. “काय लिखेल शे?” त्याने विचारलं. मी वाचलं. शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं. त्याने कार्ड हातात घेतलं नाही, हात तेलकट झाले होते ना... फक्त वाकून शाईवर हळूच फुंकर घातली. ओली आहे असं वाटलं असेल.

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. मी वेडा झालेलो नव्हतो. आणि ती बाई खरोखर होती.

डॉक्टर म्हणाले, “घेऊन जा, बाबा. तुमची आहे. मी गाडी करून देतो.” ज्या माणसाने आयुष्यात एक अडकित्ता कोणाला दिला नाही, तो माणूस!

वेस्ताबाबाने मान हलवली. घरात आता सुना होत्या, धडधाकट, त्यांना इतकी उंच घडवंची अडचणीची. “ऱ्हाऊ द्या आठेच. पन रिकामी नका ठेवा. घडवंची शे ती. पानी ठेवा.”

डॉक्टरांनी स्वतः आत जाऊन नवा माठ आणला. विहिरीवरून पाणी वेस्ताबाबाने भरलं. माठ घडवंचीवर ठेवला, पहिला पेला डॉक्टर प्यायले, मग मी, मग तो. संग्रह उघडला त्या दिवशी आलेली सगळी मंडळी त्याच माठातलं पाणी प्यायली. दुसऱ्या कुठल्या वस्तूला हात लावायची परवानगी नव्हती, हिला होती. लेबल मी नवं लिहिलं — ‘रेमतीची घडवंची’. जसं लिहिलं तसंच उमटलं.

डॉक्टरांनी पुढे पुष्कळ विचार केला. मी ते नाव बाजारात कुठेतरी ऐकलं असेल. साहेबाच्या गाडीवानाने सांगितलं असेल. पण गाडीवानाला मी कधी पाहिलंच नव्हतं. मी कामाला लागायच्या आधीच ती येऊन पडलेली. लाकडावर कुठे अक्षर कोरलेलं नव्हतं, कोरणाऱ्याला अक्षर येतच नव्हतं. आणि ऐकलं असं धरून चाललो, तरी समोर उमटलेला ‘घ’ गेला कुठे? पुढे शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सोबत्यांना विचारलं, एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाही विचारलं. सगळ्यांनी डॉक्टरांचंच म्हणणं पुन्हा सांगितलं. तसं पुन्हा कधी घडलंही नाही.

यात काही कोडं आहे असं फक्त एकाच माणसाला वाटलं नाही. त्या दिवशी वेस्ताबाबा गाठोडं डोक्यावर घेऊन निघाला, तेव्हा मी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो होतो. म्हटलं, “बाबा, मी तुमच्या रेमतीला कधी पाहिलं नाही. तिचं नाव ऐकलं नव्हतं. तरी माझ्या हातून ते लिहिलं गेलं... कसं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला मुलगा असं का विचारतोय, हे त्याला खरंच समजत नव्हतं.

“घडवंची तिनी शे ना?” तो म्हणाला. “मंग दुसरं कोनं नाव लिखशी?”