कितीबाई आणि जवसाचा लाडू

दारात चप्पल काढता काढताच तिचा प्रश्न यायचा, "किती दुखतं?" नमस्कार नाही, कशा आहात नाही, पाण्याचा पेला हातात घेण्याआधी हेच! धान रोवणाऱ्या बायांच्या गुडघेदुखीवर संशोधन करायला ती डॉक्टर आमच्या आमगावकडच्या खेड्यांत आली होती. पण तिचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. सगळ्यांसाठी ती कितीबाई. मी हे तिला भीत भीत सांगितलं, तर तिने टाळीच वाजवली. "वा! सुई टोचणाऱ्या बाईपेक्षा किती छान आहे हे!"

मी तिच्या हाताखाली कामाला होते, माझ्यासाठी ती मॅडम. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, डोकं कायम तापलेलं. तिने मला उचललं ते दुभाषी म्हणून. तिचं मराठी पुण्याकडचं, आमच्या बायांची झाडीबोली. दोघींच्या मध्ये मी!

तिच्या पिशवीत एक पुठ्ठा असायचा. त्यावर चेहरे काढलेले, एका टोकाला हसरा, दुसऱ्या टोकाला धो धो रडणारा. दुखणं जेवढं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. आमच्या बायांना आधी हा पोरखेळच वाटला. माझ्या मायने तर रडक्या चेहऱ्याकडे पाहून सांगितलं, "हा तं आमचा बुढा हाय. भाजीत मीठ कमी पडलं का असाच दिसते." बाबा ओसरीतच बसले होते! मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत लगेच, "बरं, पण तुमचं किती?"

मायचं पार शेवटाकडचं होतं. माय आमच्या रोवणीच्या टोळीतली पुढची बाई. ती बांधीत, धानाच्या खाचरात उतरली की तिच्यामागे सगळी ओळ चालायची. पण आदल्या रोवणीत गुडघ्यांनी दगा दिला आणि माय धुऱ्यावर, काठाच्या बांधावर बसून नुसत्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या फेकत राहिली. पदराआड रडताना मी तिला पाहिलं होतं. म्हणून कितीबाई गावात आली, तेव्हा पहिलं नाव मायने दिलं आणि आपल्या थाटात बजावलं, "डॉक्टरीनबाई, बाकी मले काई नोको. येत्या रोवणीले बांधीत उतरव."

"वचन देत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण शोधून काढू. चला!" हे 'चला' त्या अशा म्हणायच्या की बसलेला माणूस उठलाच पाहिजे.

शोधायचं होतं ते असं. टाच दाबून पाय ताठ करायचा, उचलून धरायचा, अशी गुडघ्याची कसरत सगळ्याच बायांना. शिवाय रोज एक लाडू. काहींच्या लाडवात जवस, काहींच्यात नाही. दिसायला, चवीला सारखेच. डबे मात्र वेगळे, पिवळे आणि निळे. कोणत्या डब्यात काय, हे खुद्द मॅडमलाही ठाऊक नव्हतं. "मला कळलं तर माझं मन जवसाकडे झुकेल," त्या म्हणायच्या. कारण जवसावर त्यांचा भारी जीव! आमच्याकडे धान निघालं की त्याच ओलीवर जवस फुलतो. ती निळी फुलं पाहून त्या गाडी थांबवायच्या. "हे जिंकलं ना, तर औषध इथेच, यांच्याच शेतात उगवेल! कल्पना कर!" माझ्या तर अंगावर काटा यायचा.

आणि मग तो धानकापणीचा दिवस! दुपारचं जेवण सुरू होतं. धुऱ्यावर टोळी बसलेली. आम्ही दोघी पोचलो तसं मायने मोठा जर्मनचा डबा पुढे सरकवला. "घ्या, मॅडम. तोंड गोड करा."

मॅडमनी त्यातला चुरा तोंडात टाकला. "लाडू? हा कोणत्या डब्यातला?"

"दोन्ही," माय म्हणाली. "पिवळा, निळा, सगळे फोडतो, कालवतो अन् वाटून खातो. रोजचंच हाय."

मी ओरडलेच. "माय व! काऊन असं केलं? सारं मातीत घातलं तू!"

"कायले ओरडून राहिली?" माय माझ्यावरच डाफरली. "तिच्या डब्यात चांगला असन अन् माह्या डब्यात नसन तं? एका धुऱ्यावर बसून एकीनं खावं अन् दुसरीनं पाहावं? असं आमच्यात नाई होत, बाप्पा!"

मॅडम मटकन धुऱ्यावर बसल्या. तोंडातला घास तसाच. आता बाई गोंदियाला जाणार, बोजाबिस्तरा बांधणार, मायचे गुडघे राहिले तसेच, असं माझ्या मनात आलं. एवढ्यात त्या ताडकन उठल्या. "अगं, बरोबर आहे यांचं! एका धुऱ्यावर दोन डबे मी दिलेच कसे? बाईला नाही, टोळीला डबा द्यायचा! एका टोळीला सगळे पिवळे, दुसऱ्या गावच्या टोळीला सगळे निळे. मग वाटा किती वाटायचं ते!" आणि मायचे दोन्ही हात धरून त्या गदागदा हलवायला लागल्या.

वरचे साहेब भयंकर चिडले. फोनवर मॅडम त्यांना सांगत होत्या, "नहीं सर, औरतों की कोई गलती नहीं. बाँटकर खाना गलती नहीं होती. फिर से करेंगे!" आणि केलं! दरेकशाच्या डोंगरापर्यंत नव्या टोळ्या शोधल्या, सगळं पहिल्यापासून मांडलं. हिवाळा, उन्हाळा, आम्ही दोघी धुळीने माखलेल्या. माय कसरत करायची ती दात-ओठ खात. पुठ्ठ्यावरचं तिचं बोट हळूहळू रडक्या बुढ्यापासून लांब सरकायला लागलं.

निकाल आला तेव्हा रोवणी लागली होती. मॅडम आधी आमच्या बांधीवर आल्या. "ज्यांचे गुडघे, त्यांना पहिलं कळलं पाहिजे," हा त्यांचा हट्ट. माय बांधीत होती. होय, बांधीत! कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून, सगळ्यांच्या पुढे! मॅडम काठावर उभ्या राहून एखाद्या पोरीसारख्या हात हलवत होत्या. मला तर आनंदाने रडूच फुटलं.

टोळी धुऱ्यावर आली. मॅडमनी सांगितलं, कसरतीने गुण आला, दोन्हीकडच्या टोळ्यांना सारखाच. जवसाच्या लाडवाने वेगळा काही फरक पडला नाही. "'नाही' हेही उत्तरच असतं, बायांनो! आता कुणी जवसाच्या नावाने तुम्हाला महागडी पुडी विकायला आलं, तर हाकलून द्या!" आवाज नेहमीसारखाच चढलेला. पण बोलता बोलता त्या पलीकडच्या शेताकडे पाहायला लागल्या. हिवाळ्यात तिथेच जवस फुलला होता.

काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या जाणार होत्या. मायने चिखलाचे हात धुतले, मॅडमच्या पिशवीतून तो पुठ्ठा ओढून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"तुमाले किती दुखते?"

कितीबाईला हा प्रश्न आजवर कुणी केलाच नव्हता. मग हळूच मधल्या एका चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

मायने डबा उघडला. घरच्या जवसाचा, तिने स्वतः वळलेला लाडू होता. "यानं दुखणं नाई जात, तुमीच सांगतलं," माय म्हणाली. "तरी खा."

मॅडमनी लाडू घेतला, बरोबर मधोमध फोडला आणि अर्धा मायच्या हातावर ठेवला.